आत्मिक विनंती

कल्याणच्या आमच्या ख्रिस्ती देवळात उपदेश संपला की पाळकसाहेब विचारायचे, "कुणाची काही विनंती?" कुणाच्या सासूचा दमा, कुणाच्या मुलाची मॅट्रिक. सगळी मंडळी मिळून प्रार्थना करायची.

त्या रविवारी मी उठलो. म्हणालो, "चाळीच्या नळावर माझ्या बायकोचा हंडा बाजूला सारतात. सगळ्यांचं झाल्यावर भर म्हणतात. त्यासाठी प्रार्थना करा."

कुणीतरी फिसकन हसलं. मंडळीचा कारभार पाहणारे एक वडील, कोर्टातले कारकून, बसल्या जागेवरून बोलले, "अरे, इथं आत्मिक विनंत्या सांगायच्या. नळाचं गाऱ्हाणं म्युनिसिपालटीत नेऊन घाल."

दमा आत्मिक. मॅट्रिक आत्मिक. पाणी तेवढं ऐहिक.

चाळ आमचीच, सगळी बिऱ्हाडं ख्रिस्ती. हंडा सारणारी याच वडिलांची बायको. तिचा आजा ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला. माझ्या बायकोला म्हणायची, "नगरकडचे ना गं तुम्ही? मग थांबायची सवय असेल की!" मी तिचं नाव घेतलं नाही. ती पुढच्या बाकावर ताठ बसलेली.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांचे उपकार मोठे. मी चौथीत शाळा सोडलेला, गावी महारवाड्यात बसून होतो. त्यांनीच मला इकडं आणलं, शहाडच्या गिरणीत चिकटवलं. म्हणालेले, "तिकडं आपली मंडळी आहे, पोरा. कुणी वाडा विचारणार नाही." वाटलं, आता बोलतील.

बोलले. डोळे मिटून बोलले, "प्रभू, या बंधूच्या मनातला अभिमान काढ. त्याला लीन कर."

सगळे म्हणाले, "आमेन."

मी म्हणालो नाही. जन्मात पहिल्यांदा. यहुदी ज्यांच्या हातचं पीत नसत, त्या शोमरोनी बाईकडे येशूनं विहिरीवर पाणी मागितलं, तेव्हा तिला लीन हो म्हणाला नव्हता.

बाहेर पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं रे."

"साहेब, त्या सगळ्यांत आम्ही आहोत का?"

त्यांनी हात काढून घेतला.

घरी बायको घाबरलेली. "अहो, पाळकसाहेबांनी गिरणीत तुमच्याविरुद्ध शब्द टाकला तर?" भीती मलाही होती. रात्रभर होती.

सकाळी हंडा मी उचलला. नळावर ती बाई म्हणाली, "अगंबाई, आज पुरुषमाणूस?"

"आत्मिक काम आहे," मी म्हणालो, आणि हंडा रांगेत माझ्या जागी ठेवला. तिनं तो सारायला हात पुढं केला. मी हंड्यापुढं पाय रोवला.

काम जाईल तर जावो. देऊळही जावो. येशू मी त्यांच्याकडे ठेवून येणार नाही, आणि हा हंडा मागं घेणार नाही.