फोडलेलं पाकीट

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता, आजी, या वयात दवाखान्याचं काम कशाला? दमते खरी. पण गावच्या दवाखान्यातला एक्स-रेचा संगणक अजून माझ्याच गळ्यात आहे. त्याला आम्ही इंटरनेट दिलेलं नाही. पलीकडच्या गावातल्या एका दवाखान्याचे सगळे जुने एक्स-रे व्हायरसने खाल्ले, तेव्हापासून. नवा प्रोग्रॅम लागला की अलिबागचा इंजिनीयर तो कंपनीकडून घेतो, तपासतो, कोऱ्या पेनड्राइव्हवर घालतो आणि पाकीट सील करून पाठवतो. सील तुटलं असेल तर वापरायचं नाही, हा माझा नियम.

गेल्या महिन्यात संगणक बंद पडला, प्रोग्रॅम नव्याने घालावा लागणार होता. बाजारातले दुकानदार भाई माल आणायला अलिबागला निघाले होते, त्यांनाच पाकीट आणायला सांगितलं. आमच्याकडे कोणी अलिबागला निघालं की चार घरांच्या वस्तू त्याच्याबरोबर जातात-येतात. नाही म्हणायची रीतच नाही.

पाकीट आलं ते फोडलेलं.

"बाई, पेनड्राइव्हमध्ये जागा भरपूर होती," भाई म्हणाले. "भाचीच्या निकाहचे फोटो पण त्यातच घेतले. स्टुडिओवाल्याने टाकून दिले."

बाकावर एक कोळीण बसली होती. धक्क्यावर घसरून तिचं मनगट सुजलं होतं आणि सकाळपासून ती या पाकिटाचीच वाट पाहत होती. कंपाउंडर हळूच म्हणाला, एकदा लावून तर बघू. स्टुडिओच्या संगणकात दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह जातात ते मला ठाऊक होतं. मी नको म्हटलं.

"फोटोत नवरी हाय ना बाई, वाघ न्हाय," कोळीण म्हणाली.

सगळे हसले. मी तिला समजावलं की हा संगणक बिघडला तर पुढे कोणाचाच एक्स-रे निघणार नाही. ते तिने नीट ऐकून घेतलं.

"मंग आज माजा न्हाय, व्हय?"

मी जीप सांगितली आणि तिच्याबरोबर बसले. काशीदच्या पुढे प्रत्येक खड्ड्याला ती श्वास रोखून धरायची. अलिबागला एक्स-रे निघाला. हाड मोडलं होतं. तिला प्लास्टर घालत होते तोवर मी इंजिनीयरकडून दुसरं पाकीट घेऊन आले.

परतताना ते माझ्या मांडीवर होतं. ती ड्रायव्हरशीच मासळीच्या भावाबद्दल बोलत राहिली, थेट गाव येईपर्यंत.