‘दिला’ म्हणायची सवय

“मॅडम, डावा हात ताठ ठेवू का वाकवू, तेवढं एकदा सांगून टाका. पुस्तक म्हणतंय ताठ. आण्णा म्हणतोय ढिला सोड. मोबाइलवरचा गोरा तर तिसरंच कायतरी दाखवतोय.”

वसंतराव बॉलसमोर उभे राहून हे विचारत होते. बॉल मारायचं नाव नव्हतं.

मी गोल्फ कोच आहे. कोल्हापुरात हे सांगितलं की समोरचा कौतुकाने मान हलवतो आणि विचारतो, “ते झालं, पण काम काय करता?” तर हेच काम करते. वसंतरावांची फाउंड्री आहे. वय साठीच्या आसपास, आणि भट्टीच्या आवाजावर बोलून बोलून गळा असा झालाय की त्यांचं गुपितही अख्ख्या मैदानाला ऐकू जातं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी एकदा तरी त्यांना आमच्या क्लबच्या टीममधून बेळगावला खेळायचं होतं. दोन्हीकडच्या क्लबांची दर वर्षी मॅच होते आणि दर वर्षी वसंतराव निवडीच्या दिवशी फक्त चहाला हजर असायचे.

“पुढच्या वर्षी पाय कसा असंल, कुणी बघितलंय?” ते म्हणाले. चेष्टेशिवाय न बोलणारा माणूस, पण हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला तेव्हाच वाटलं, यांचं काम झालं पाहिजे.

“तालमीत वस्ताद किती असतात?” मी विचारलं.

“एकच की.”

“मग इथंही एकच. पुस्तकं कपाटात, मोबाइल गाडीत, आणि आण्णांचे सल्ले आण्णांपाशी.”

आण्णा म्हणजे त्यांचे दर रविवारचे पार्टनर. राधानगरीकडचे, दुधाच्या धंद्यातले. स्वतःचा बॉल झाडीत घालून दुसऱ्याला कसं उभं राहायचं ते शिकवण्यात आण्णांचा हात कोणी धरू शकत नाही.

सल्ले बंद झाल्यावर वसंतरावांचा स्विंग सुधारला. स्विंग म्हणजे स्टिक मागे नेऊन फटका मारायची पूर्ण हालचाल. डोक्यात पाच जण बोलायचे थांबले की हात आपोआप मोकळा होतो. मग मी पटिंगचं विचारलं. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत कापलेली हिरवळ. तिच्यावरून बॉल हळूच ढकलून भोकात घालणं म्हणजे पट.

“त्यात काय न्हाय,” वसंतराव म्हणाले. “तेवढं येतंय.”

रविवारचे त्यांचे स्कोअर झकास होते, म्हणून मीही पुढे विचारलं नाही. पण निवडीच्या आधी एका रविवारी त्या दोघांबरोबर चालायला गेले. पहिल्याच ग्रीनवर वसंतरावांचा बॉल भोकापासून दोन वीत लांब थांबला.

“दिला,” आण्णा म्हणाले. वसंतरावांनी बॉल उचलून खिशात टाकला.

आण्णांचा बॉल चांगला एक ढांग लांब होता. “दिला,” वसंतराव म्हणाले. आण्णांनीही उचलला.

हे नियमात बसतं. दोघांच्या मॅचमध्ये समोरच्याने ‘दिला’ म्हटलं की तो पट आत गेला असं धरतात. आता चुकणं शक्यच नाही, अशा पटासाठी ही सोय असते. आमच्याकडे मात्र पंगतीत रस्सा वाढावा तसा आग्रह. नको म्हटलं तरी दिला. वर्षानुवर्षं या दोघांनी एकमेकांना छोटा पट मारूच दिला नव्हता. झकास स्कोअरचं रहस्य हे होतं.

“वसंतराव, हा घाला बघू,” पुढच्या ग्रीनवर मी म्हटलं. तेवढंच अंतर. ते उभे राहिले. हात कापायला लागले. बॉल भोकाला वळसा घालून पलीकडे गेला.

आण्णा वैतागले. “एवढ्याशासाठी माणसाला वाकायला लावायचं, मॅडम? बरं दिसतं का?”

“बेळगावला कोणी देणार नाही, आण्णा.”

“असली कसली माणसं वो ती?”

पुढे निवडीपर्यंत मी वसंतरावांना दुसरं काहीही करू दिलं नाही. फाउंड्रीतून आले की सरळ ग्रीनवर, आणि वीतभर पट. कंटाळले, कुरकुरले, गुडघ्याच्या नावाने ओरडले. पण हळूहळू हात थांबले. आण्णांना मी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. बिचाऱ्यांना शिंक दाबल्यासारखं व्हायचं. त्यांनी स्वतः मात्र एकही पट मारून बघितला नाही.

निवड करणारे आमचे कॅप्टन म्हणजे रिटायर्ड कर्नलसाहेब. टीममध्ये एकच जागा उरली होती आणि नावं दोन. वसंतराव आणि आण्णा. “दोघे एकमेकांविरुद्ध खेळा. जिंकेल तो जाईल,” कर्नल म्हणाले.

शेवटच्या ग्रीनवर दोघे बरोबरीत आले. वसंतरावांचा बॉल वीतभर लांब. लांबचा बॉल आण्णांचा, म्हणजे पाळी त्यांची, पण “तूच आधी उरक,” म्हणाले. त्यांनी सवयीने आण्णांकडे पाहिलं. आण्णा आभाळाकडे बघत होते. वसंतराव वाकले, शांतपणे पट मारला. बॉल आत गेला. मी टाळी वाजवणार होते, पण आण्णांची पाळी बाकी होती.

आण्णांचा बॉल एक ढांग लांब. घातला तर पुन्हा बरोबरी. चुकला तर वसंतराव बेळगावला. आण्णा स्टिक धरून उभे राहिले आणि बराच वेळ तसेच राहिले.

“दिला, आण्णा,” वसंतराव म्हणाले. नेहमीच्याच आवाजात, म्हणजे पार्किंगपर्यंत ऐकू गेलं.

मी कपाळावर हात मारला. कर्नल म्हणाले, “एकदा दिला की परत घेता येत नाही. होल बरोबरीत. आणखी एक होल खेळा.” होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा एक डाव. त्या होलवर वसंतरावांचा दुसरा फटका वाळूच्या खड्ड्यात गेला. जागा आण्णांना मिळाली.

आण्णांनी कर्नलना, “त्यालाच पाठवा, माझं काय न्हाय,” असं म्हणून पाहिलं. ती जागा काही पट नव्हती, त्यामुळे देता आली नाही. आण्णा बेळगावला गेले आणि छोट्या पटांवरच हरून आले. वसंतराव त्यांच्याबरोबर गेले होते. दुखरा गुडघा घेऊन सगळे होल चालले म्हणे.

ऑपरेशननंतर मी त्यांना भेटायला गेले. राग गेला नव्हता. “सवयीने तोंडातून गेलं ना? इतकी मेहनत केली आपण.”

“सवयीनं कुठलं, मॅडम,” ते म्हणाले. “त्याचे हात कापत होते की. ते काय असतं ते तुम्हीच मला शिकवलं. बघवंना मला.”

आता नवीन शिष्य आला की पहिल्या दिवशी मी त्याचा स्विंग बघत नाही. तो रविवारी कोणाबरोबर खेळतो ते विचारते, आणि दोघांनाही बोलावून घेते.