प्रमोदिनीबाईंच्या बारा गोष्टी

उमाकांतरावांनी अख्खी नोकरी सरकारी कारखान्यात यंत्रं सांभाळण्यात काढली, आणि घाईच्या कामाचा त्यांना भारी तिटकारा. नळाचा वायसर बदलायचा तरी हा गृहस्थ आधी सगळा नळ खोलून बसणार. प्रमोदिनीबाई वैतागायच्या, पण एकदा दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा म्हणून बिघडायची नाही, हेही खरं.

घरात कॉम्प्युटर एकच. लेक ऋचानं त्यावर दोन सिस्टिम घालून दिल्या होत्या, बाबांना विंडोज आणि आईला लिनक्स. सुरू करताना दोन नावं दिसायची, ज्यानं त्यानं आपलं निवडायचं. आईच्या बाजूला प्रमोदिनीबाईंनी ऋचाच्या होणाऱ्या बाळासाठी स्वतःच्या आवाजात बारा गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या. आणि बाळ यायला दोन महिने असताना त्या झोपेतच गेल्या. काय म्हणावं या नशिबाला!

पंधरा दिवसांनी ऋचानं मारतहळ्ळीच्या तिच्या घरून फोन करून त्या गोष्टी मागितल्या. आईचा पासवर्ड उमाकांतरावांना ठाऊक नव्हता. लेकीला विचारलं तर पुन्हा रडेल, म्हणून ते आपल्याच बाजूनं डिस्कवरच्या आईच्या कप्प्यात शिरायला गेले. विंडोजला तो कप्पा वाचताच येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? पडद्यावर आलं, वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा. सगळं पुसलं जाईल, असा इशाराही आला. पण इथे तर काहीच दिसत नाही, प्रमोदिनीचं सगळं तिच्या बाजूला सुखरूप असणार, असं बिचाऱ्यांना वाटलं. 'झटपट' या शब्दापुढची खूण त्यांनी मुद्दाम काढली आणि फॉरमॅट सुरू केलं. करायचं तर नीट करायचं.

गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा देवाप्पा पुसलेल्या गोष्टी परत मिळवायला दोन दिवस त्यावर खपला.

"झटपट केलं असतंत तर स्वल्प तरी हाती लागलं असतं, सर," तो म्हणाला. "तुम्ही सगळं पार धुऊन काढलंत."

उमाकांतराव त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले.

असलं फोनवर कसं सांगायचं? ते मारतहळ्ळीला गेले आणि लेकीसमोर सगळं कबूल केलं. ऋचानं पोटावर हात ठेवला.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. "आई बोलायची तेव्हा तुम्ही घरातच होता ना? आठवेल तेवढं तुम्हीच सांगा बाळाला."

"मी एकही ऐकली नाही गं," उमाकांतराव म्हणाले. "ती सुरू झाली की मी बातम्या लावायचो. तिला म्हणायचो, दार ओढून घे."