चार नंबरच्या बेडजवळचं बेसिन

अतिदक्षता विभागात माझं सगळं आयुष्य गेलं, त्यातलं बहुतेक कोल्हापुरात. लोक मला वाचवलेल्या पेशंटांबद्दल विचारतात. मला मात्र कोडोलीचा एक माणूस आठवतो. तो वाचला होता, आणि मग आमच्याच विभागात दगावला.

त्याआधीचं सांगायला हवं. आमच्याकडे बरे होत आलेले पेशंट अचानक तापाने फणफणायचे. मी आणि माझी एक विद्यार्थिनी, दोघींनी वर्षभर नमुने गोळा केले. बेडच्या कठड्यांवरून, व्हेंटिलेटरच्या नळ्यांवरून, स्वतःच्या हातांवरून. शेवटी सापडलं चार नंबरच्या बेडजवळ, हात धुवायच्या बेसिनच्या पाइपात. पेशंटच्या कफात जे जंतू, तेच तिथे. कुठल्याच औषधाला दाद न देणारे. आम्ही हात धुवायला तिथे जायचो आणि जंतू घेऊन परत यायचो.

अहवाल घेऊन मी आमच्या प्रमुखांकडे गेले. भिंत फोडून पाइप बदलायला हवा, तोवर तो भाग बंद ठेवायला हवा, असं सांगितलं.

"पुढच्या महिन्यात तुमच्याच कोर्सची तपासणी आहे," सर म्हणाले. "त्यांना फोडलेली भिंत दाखवायचीय? एकदा मान्यता मिळू दे, मग बघू."

कोर्स माझा होता. इथल्या मुलांना अतिदक्षतेचं शिक्षण घ्यायला पुण्याला जावं लागू नये, म्हणून कितीतरी वर्षं मी त्याच्यामागे होते. मी अहवाल कपाटात ठेवला. बेसिनवर 'वापरू नये' असा कागद चिकटवला. तपासणीच्या आदल्या दिवशी तो कुणीतरी काढला. मी पुन्हा लावला नाही.

त्याच आठवड्यात कोडोलीचा तो माणूस आला. गावच्या दूध संस्थेत दुधाची फॅट मोजायचा. वैरण कापताना नाग चावला होता. श्वास थांबत आला होता. आम्ही प्रतिविष दिलं, व्हेंटिलेटर लावला. चौथ्या दिवशी नळी काढली, तर घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारावं? "मॅडम, म्हशीची धार कोण काढतंय?" अख्खा विभाग हसला.

तो चार नंबरवर होता. मला ते माहीत होतं. दुसरा बेड रिकामा नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. एक होता.

दोन दिवसांनी ताप चढला. पुन्हा नळी घातली. आठवड्याच्या आत तो गेला.

बायकोला मीच सांगितलं. ती रडली नाही. थेट माझ्याकडे बघत म्हणाली, "सापाचं ईख उतरलं म्हनला हुता की तुम्हीच. सोमवारी माझ्या हातनं पेज पिली त्यांनी. मग कशानं गेलं?"

"जंतुसंसर्ग झाला. छातीत पसरला."

"त्यो कुठनं आला?"

"अशा आजारात होतं तसं, ताई."

तिने मान हलवली. वर माझे आभार मानले. "तुमी लई केलासा," म्हणाली.

विद्यार्थिनी माझ्या शेजारीच उभी होती. खोलीत आल्यावर म्हणाली, "मॅडम, नातेवाइकांशी खोटं बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

"यात खोटं काय होतं?" मी विचारलं.

महिन्याभराने ती विभाग सोडून गेली.

मान्यता मिळाली. उन्हाळ्यात भिंत फोडली, पाइप बदलला, आणि तसा ताप येणं जवळपास थांबलं. म्हणजे आमचं बरोबर होतं. मग मी शोधनिबंध लिहिला, दवाखान्याचा उल्लेख गाळून, आणि त्या विद्यार्थिनीला वाचायला पाठवला. निम्मं काम तिचंच होतं. एका ओळीचं उत्तर आलं: माझं नाव काढा.

मी काढलं. निबंध माझ्या एकटीच्या नावावर छापून आला. प्राध्यापक होताना त्याचा मला उपयोग झाला.