बाळ बाहेर कोणी आणायचं

एमआरआयचं यंत्र चालवणाऱ्या बाईंना सगळे अंगाईबाई म्हणत. तान्ह्या बाळाला औषधाचा थेंबही न देता त्या यंत्रात झोपवणं म्हणजे खायचं काम नव्हे. आत अशी ठकठक चालते की कुंभकर्णही उठून बसावा. बाई बाळाचं पोट भरवत, कानांत कापसाचे बोळे घालत, दुपट्यात घट्ट गुंडाळत आणि बाळ मुकाट झोपे. मग पडद्यावर मेंदू उमटे. जन्मताना श्वास कोंडलेली ती बाळं पुढे बसतील का, चालतील का, याचा अंदाज डॉक्टर त्या चित्रांवरून बांधत. सांगायचं काम त्यांचं. बाईंनी चकार शब्द काढायचा नाही.

पण तोंड मिटलं तरी हात थोडेच गप्प बसतात! चित्र चांगलं दिसलं की बाई स्वतः बाळ बाहेर नेऊन आईच्या हातात देत. वाईट दिसलं की नर्सकडे सोपवून उगाच यंत्र पुसत बसत. हे त्यांनी एकदाच, भाजी चिरताना, लेकीला सांगितलं होतं. "त्या आईच्या डोळ्यांत बघवत नाही गं मला."

आणि आता लेकीचंच बाळ आलं. गळ्याला नाळेचा वेढा पडलेला. जन्मल्यावर रडलंच नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, हे दुसऱ्या कोणाला करू द्या. बाई हटून बसल्या. नातीला माझ्याशिवाय कोण झोपवणार, म्हणाल्या.

नात शहाण्यासारखी झोपली. पडद्यावर मेंदूच्या मधोमध, जिथे नको तिथे, पांढरं उमटलं. इतक्या वर्षांत बाईंनी ते पुष्कळदा पाहिलं होतं.

नर्सने हात पुढे केले. बाईंना नात सोडवेना. आपला नेहमीचा नियम काही डोक्यात राहिला नाही. पोरीला छातीशी धरून त्या तशाच दाराबाहेर आल्या.

चाकाच्या खुर्चीतल्या लेकीने आईच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हातांकडे पाहिलं.

"आई, तूच आणलंस."

आपण काय करून बसलो, ते बाईंना तेव्हा कळलं.

"डॉक्टर सांगतील," त्या कशाबशा म्हणाल्या.

"सांगू देत. मला कळलं."

बाळंतपणानंतर लेक पहिल्यांदाच हसली. नवऱ्याला फोन लावून सगळं ठीक आहे म्हणून सांगू लागली. मोठे डॉक्टर चित्रं बघायला आत गेले होते. बाई हळूच खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तिथून लेकीचे डोळे दिसत नव्हते.