उकंडरावची सॅक

मेहकरच्या एका कॉलेजात उकंडराव शिपाई होता आणि गेली अकरा वर्षं कॉलेजचा हिमालय तोच बांधून देत होता. स्लीपिंग बॅग तळाला, जड डबे पाठीच्या बाजूला, रेनकोट सगळ्यात वर. बर्फ त्यानं पाहिला होता तो फक्त रसवंतीवर. पण त्यानं भरलेली सॅक चौदा हजार फुटांवरही कुणाच्या पाठीला टोचत नाही, असं ट्रेक नेणारे निवृत्ती सर स्वतः सांगत; अर्थात त्याच्या माघारी.

यंदा सर म्हणाले, "उकंडराव, यादीत तुमचं नाव लावलं बरं का." मोबाइलमध्ये बघत बोलले आणि विसरून गेले. उकंडराव विसरला नाही. त्याच्या गावात नाव लावण्याला वजन असतं. सातबाऱ्यावर नाव लागलं की माणूस मालक, मग कुणाचा बाप आला तरी त्याला हलवत नाही. दोन महिने तो पहाटे पाठीवर विटा घेऊन टेकडी चढला. त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, हातमोजे विणले. एक अंगठा जरा लांब झाला, पण झाले. निघायच्या सकाळी गल्लीतल्या बायकांनी त्याला ओवाळलं.

कॉलेजात सर सॅक मोजत होते. बारा हव्या होत्या, तेरा भरल्या.

"ही कुणाची?"

"माही, सर. तुमीच त नाव लावलं."

हॉलमध्ये असा हशा उठला की सरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, अनुदानाच्या कागदाला एक शिपाई दाखवावा लागतो! नाव कागदापुरतं. तुम्हाला कोण नेतंय?"

हेडक्लार्क पंजाबरावला तेवढंही पुरलं नाही. "उकंड्या, तुह्याआधीची दोन गेली म्हून मायनं तुले उकिरड्यावर लोळवलं, यमानं नेऊ नये म्हून. यमानं नेलं नाई, त सर कसे नेतीन बे?"

उकंडरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर राग यायला हवा होता. पण अठ्ठावीस वर्षं 'हो सर' म्हणणाऱ्याला राग वेळेवर येत नाही, लाज मात्र धावत येते.

तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांचे जावई दीपकराव उगवले, चाकांची सुटकेस ओढत. हिमालयात! त्यांना कुणी हसलं नाही. जावई शेवटी जावई. सर म्हणाले, "उकंडराव, तुमची सॅक भरलेलीच आहे. फक्त तुमचे कपडे काढा आणि साहेबांचे भरा."

दीपकरावांनी सॅकमधून निघालेले हातमोजे दोन बोटांत धरून विचारलं, "हे काय, तवा उचलायचं फडकं?" आणि ते बाकावर फेकले. उकंडरावनं ते खिशात घातले आणि जावयाचे कपडे एकेक गुंडाळून रचू लागला. वाईट भरता आलं असतं. एक डबा तिरका ठेवला असता, तर दीपकरावांची पाठ आठ दिवस रडली असती. त्याच्या हातांना ते जमलंच नाही. ही गोष्ट सांगताना या हातांचा मला आजही संताप येतो.

गाडी शेगाव स्टेशनाकडे गेली. दुपारी तो घरी आला, तेव्हा शालूबाई दारातच बसून शेंगा निवडत होती.

"काऊन जी? गाडी हुकली का?"

त्यानं अंगणात चपला काढल्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सरांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. "उकंडराव, दीपकरावांना चहाचा मग सापडत नाही. कुठे ठेवलाय?"

"सॅकच्या डाव्या जाळीत, सर. बाटलीच्या मागं."

"सापडला," म्हणत सरांनी फोन ठेवून दिला.

शालूबाईचे हात थांबले. "कोनाची सॅक व्हय जी ते?"

"माही," उकंडराव म्हणाला.