मागच्या दाराचा दगड

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने खोटं बोलावं, पण कशाबद्दल बोलतोय एवढं तरी आधी बघून घ्यावं! मी तेवढंही बघितलं नाही. म्हणून आज रिहे गावात, माझ्या अंगणात, एक देव आहे. तो कसा आला ते ऐका. चहा घ्या आधी, निवेल.

आम्ही मूळचे परभणीचे. मी हिंजवडीत नोकरीला. तीन वर्षांपूर्वी रिह्यात हिराकाकींकडून जागेचा तुकडा घेतला आणि घर बांधलं. काकी शेजारीच राहतात. जागेबरोबर एक थोरलं जांभूळही आलं, काकींच्या सासूबाईंनी लावलेलं. व्यवहाराच्या दिवशी त्या जांभळाला हात लावून काकी घळाघळा रडल्या होत्या. हे लक्षात ठेवा.

यंदा त्या जांभळाची एक फांदी वाळली. माझ्या मांडीएवढी जाड, आणि बरोबर आमच्या झोपायच्या खोलीच्या पत्र्यावर! वारा सुटला की करकर करकर. माझी बायको वैशाली पोरीला घेऊन हॉलमध्ये झोपायला लागली.

"ती फांदी जाईपर्यंत मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. तुला झोपायचं असेल तर हेल्मेट घालून झोप," म्हणाली.

मग मी बबनमामांना फोन केला. रिह्यापासून घोटावड्यापर्यंत कुणाचं झाड छाटायचं असो की पाडायचं असो, बोलावणं यांनाच. "बुधवारी बगून जातो, शुक्रवारी गडी घिऊन येतो," म्हणाले. काकींना मात्र मी याचा पत्ता लागू दिला नाही. का? अहो, त्या परत रडल्या तर? समोर कुणी रडायला लागलं की मी काहीही कबूल करतो, हा माझा जुना रोग आहे.

बुधवारी आम्ही दोघंही कामावर. घरी येऊन बघतो तर काय! जांभळाच्या बुंध्याशी एक काळा दगड. त्यावर हळदकुंकू. पुढे फोडलेला नारळ आणि विझलेली उदबत्ती!

हे कोणी केलं? कधी? आणि माझ्याच जांभळाखाली का? बबनमामांना फोन लावला, तर ते रेंजच्या बाहेर. म्हटलं, आलेच नसणार. मला काही राहवेना. उकिडवा बसलो आणि तो दगड चहूबाजूंनी न्याहाळला. एक कड चांगली झिजलेली, गुळगुळीत. म्हटलं, किती पिढ्यांचे हात फिरले असतील यावर!

"काय वं, काय बगताया एवढं?" कुंपणापलीकडून काकींचा आवाज.

"काकी, हे तुम्ही ठेवलंत?"

काकी आल्या. दगडाकडे बघितलं, वाळक्या फांदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खरं सांगा, झाड तोडायला कुनाला सांगितलंय का तुमी?"

बघा! या एका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं असतं ना, तर हा किस्सा इथेच संपला असता आणि तुम्ही आपापल्या घरी गेला असता. पण मला काकींचे ते त्या दिवशीचे डोळे आठवले.

"छे छे! मी? आणि झाड तोडणार? काहीतरीच काय काकी!"

"मग ह्यो दगूड चालत आला व्हय?" काकींनी पदर डोक्यावर घेतला. "हात जोडा."

जोडले.

गुरुवारी मी चक्क रजा टाकली. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'आपल्या भागात एक प्राचीन स्थान सापडले आहे. जाणकारांनी यावे.' जाणकार एकही आला नाही. बाया मात्र आल्या! दुपारपर्यंत सात नारळ, झेंडूचा ढीग, आणि दगड कुंकवाखाली दिसेनासा झाला.

"कोनता देव म्हनायचा ह्यो?" एकीने विचारलं.

"संशोधन चालू आहे," मी गंभीरपणे सांगितलं. "पण झीज बघता फार जुना असावा." आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. एका आजींनी तर मलाच वाकून नमस्कार केला. खरं सांगतो, मी त्यांना अडवलं नाही. बरं वाटलं!

एवढ्यात घरातून वैशाली ओरडली, "अरे, मागचं दार सारखं आपटतंय! त्याला लावायचा दगड कुठे गेला?"

"अगं इथे एवढं मोठं काय घडतंय आणि तू दाराचं काय घेऊन बसलीस!"

"आणि फांदीचं काय? ते बबनमामा येणार आहेत का नाही?"

मी इकडेतिकडे बघून तिला हळू बोल म्हणून खुणावलं.

शुक्रवारी सकाळी बबनमामा हजर. शिडी, दोरखंड, कुऱ्हाडी, दोन गडी. आणि जांभळाभोवती बाया बसलेल्या!

काकी उठून आडव्या आल्या. "बबन, कुराड लावायची न्हाई. हितं देव हाय."

"देव? कुटं?"

"ह्यो काय!"

बबनमामांनी वाकून झेंडू बाजूला सारला. मग डोक्यावरची टोपी काढून डोकं खाजवलं. "आवो काकी, ह्यो मीच ठिवलाय बुधवारी. सायबांनी फांदी तोडायला बोलवलंय मला. तोडायच्या आदी झाडाला सांगून जातो आमी. नारळ फोडायचा आन म्हनायचं, बाबा, दोन दिसांनी येनार हाय, पाखरं, मुंग्या, जे कोन ऱ्हात असतील त्यांनी बिऱ्हाड हलवा." त्यांनी वर बघितलं. "पाखरं गेली की गुमान. सायबांनी मात्र मानसं गोळा केली."

"आन ह्यो दगूड?"

"नारळ फोडायला काय तरी नगं? ह्यांच्याच मागच्या दारात पडला व्हता."

वैशालीने सावकाश माझ्याकडे मान वळवली. "म्हणजे हा तोच? ज्याला तू तीन वर्षं रोज लाथेने सरकवतोयस?"

ती पिढ्यान्‌पिढ्यांची झीज माझ्या चपलेची होती हो! नमस्कार करणाऱ्या आजी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की वाटलं, आता खोबरं परत मागतात.

"इचारलं व्हतं ना मी तवाच?" काकी कडाडल्या. "खोटं कशापायी बोलला?"

"काकी, सासूबाईंचं झाड... त्या दिवशी तुम्ही किती रडलात. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

काकींनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "येडं हाय का काय ह्ये! आवं, त्या दिशी मी जमिनीसाठनं रडले. वाळकी फांदी ठिवून लेकराच्या डोक्यावर पाडायची हाय व्हय? तुमी न्हाई तर मीच सांगनार व्हते बबनला." आणि पदराने माझ्याच डोळ्यांखालचं पुसलं. घाम होता तो, पण मी पुसू दिला.

तासाभरात बबनमामांनी दोरखंड लावून फांदी अशी अलगद उतरवली की एक पत्रा वाकला नाही. वैशालीने त्याच दिवशी गाद्या परत खोलीत नेल्या. सगळं मार्गी लागलं म्हणून मी हळूच दगड उचलायला गेलो.

"ठिवा तितं!" काकी ओरडल्या. "एवढ्या बायांनी हळदकुंकू वाहिलंय. आता त्याला दाराशी ठिवायचा न्हाई."

तेव्हापासून दगड जांभळाखाली आणि मागचं दार वाऱ्यावर. वैशाली धुणं वाळत घालायला निघाली की ते दार धरून मी उभा राहतो. दगडाला बढती मिळाली, त्याची जुनी नोकरी माझ्याकडे आली. परवा तिच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या, तर तिने मला पायानेच सरकवलं.